न्यूरोरिहॅबचे पदव्युत्तर कोर्स: आधी लॉगबुक बघा, मग फी भरा

न्यूरोरिहॅब, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि चेतांच्या आजारांनंतरचं पुनर्वसन, शिकवणाऱ्या कोर्सचं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या बॅचचं, पेशंटांच्या नोंदींनी भरलेलं लॉगबुक मागा. कोरं लॉगबुक सगळेच दाखवतात, त्यात रकानेही छान आखलेले असतात. भरलेलं मागितलं की कार्यालयात जरा चुळबूळ सुरू होते. पेशंटची नावं झाकून ते दाखवायला काहीच हरकत नसते. त्यात पाहायचं एवढंच: पेशंट कोणकोणत्या आजारांचे होते, नोंदीपुढे सही कोणाची आहे, आणि त्या सह्या त्या त्या दिवशी झाल्या आहेत की सत्र संपताना एकाच पेनाने, एकाच बैठकीत ओळीने ठोकल्या आहेत. ओळीने ठोकलेल्या दिसल्या तर समजावं, की इथे शिकणाऱ्याच्या हातांकडे कुणी पाहत नाही.

या विषयात पैसे मोजायचे ते नेमके त्यासाठीच. पक्षाघात, डोक्याची किंवा मज्जारज्जूची दुखापत, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, गिया-बारे या सगळ्यांबद्दल वाचायला भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. पेशंटच्या खांद्याखाली आपला हात चुकीच्या जागी पडला, तर तो तिथल्या तिथे धरून बाजूला करणारा माणूस मात्र फुकट मिळत नाही. ज्या कोर्समध्ये असा माणूस आहे तो महाग असला तरी परवडतो.

बाजारात तीन प्रकारचा माल आहे. एक, विद्यापीठांचे वर्ष-दोन वर्षांचे अभ्यासक्रम. दुसरा, एकेका पद्धतीचे मोजक्या दिवसांचे कोर्स: बोबाथ (हाताळणीवर भर), पीएनएफ (तिरक्या हालचालींचे नमुने), सीआयएमटी (चांगला हात अडवून दुबळ्या हाताचा सराव) आणि त्यांची भावंडं. तिसरा, ऑनलाइन सर्टिफिकेट. गल्लत होते ती एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केल्यामुळे. दहा दिवसांच्या कोर्समधून कुणी न्यूरोरिहॅब शिकून येत नाही, हात थोडा सुधारून येतो. आणि दोन वर्षांची पदवी घेतलेल्याचा हात आपोआप सुधारलेला असतो, असंही नाही.

तपासणी: इथेच कोर्सची परीक्षा होते

मज्जारज्जूच्या दुखापतीची आंतरराष्ट्रीय तपासणी, जिला बोलताना सगळे ‘एशिया’ म्हणतात, हे कोर्स जोखायचं उत्तम माप आहे. एका बाजूला २८ असे दोन्ही बाजूंचे ५६ संवेदनाबिंदू, प्रत्येक बिंदू दोनदा तपासायचा: एकदा कापसाच्या हलक्या स्पर्शाने, एकदा सेफ्टी पिनने. गुण ०, १ किंवा २, आणि तुलना नेहमी गालावरच्या संवेदनेशी. मग प्रत्येक बाजूचे १० मुख्य स्नायू, ० ते ५. पेशंट पूर्ण वेळ उताणा. वर्गात फळ्यावर हे तासाभरात संपतं. चुका सुरू होतात त्या पेशंटपाशी गेल्यावर.

पिनचं घ्या. पेशंटला काहीतरी लागल्याचं कळतंय, पण टोकदार बाजू कोणती आणि बोथट कोणती हे सांगता येत नाही. नवखा माणूस ‘काहीतरी कळतंय ना’ म्हणून १ देतो. नियमाने तिथे ० आहे. पुढची चूक कोपराची. कोपर सरळ करायला सांगितलं की ट्रायसेप्समध्ये काही जीव नसतानाही हात सरळ होतो, कारण पेशंट खांदा बाहेरच्या बाजूला फिरवतो आणि उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करून टाकतं. तसंच बोटांचं. मनगट मागे वळलं की लांबी कमी पडलेले कंडरे बोटं आपोआप मिटवतात आणि ही टेनोडेसिसची मिटणी सी८ ची, म्हणजे मानेतल्या आठव्या चेतेची, ताकद म्हणून नोंदवली जाते. एका स्नायूला फुकटचे ३ गुण मिळाले की दुखापतीची लेव्हल कागदावर खाली सरकते. सी७ चा ट्रायसेप्स खरोखर चालत असेल तर माणूस हातांवर अंग उचलून पलंगावरून व्हीलचेअरवर सरकू शकतो. चालत नसेल तर सगळी आखणीच वेगळी. म्हणजे चूक कागदावरची, पण पडतो पेशंट.

तपासणीचा शेवटचा भाग गुदद्वाराचा: एस४-५ या अगदी खालच्या चेतांची संवेदना आहे का, आत बोटाचा दाब कळतो का, मुद्दाम आवळता येतं का. हे केल्याशिवाय दुखापत पूर्ण की अपूर्ण हे ठरतच नाही. बरेच कोर्स इथे संकोचाने ‘फाइलमध्ये पाहून घ्या’ म्हणत पुढे सरकतात. ज्यांच्या व्यवसायाच्या चौकटीत ही तपासणी बसते, त्यांनी ती देखरेखीखाली केलेली असायला हवी. इतरांना निदान तिचा निकाल वाचून ए (पूर्ण दुखापत) आणि बी (फक्त संवेदना उरलेली) मधला फरक सांगता यायला हवा. प्रवेशाआधी शिक्षकांना सरळ विचारावं, ‘हा भाग कसा शिकवता?’ उत्तर व्हिडिओपाशीच थांबलं तर त्याची नोंद घ्यावी.

स्पॅस्टिसिटीचं, म्हणजे चेतासंस्थेच्या बिघाडाने येणाऱ्या स्नायूंच्या ताठरपणाचं, मोजमाप ही दुसरी कसोटी. मॉडिफाइड ॲशवर्थ हे त्याचं मापन सगळ्यांना येतं: ०, १, १ अधिक, २, ३, ४. येतं म्हणजे आकडा लिहिता येतो. अडचण अशी, की सांधा हलवताना लागणारा विरोध चेतासंस्थेमुळे आहे की स्नायूच आखडून आखूड झालाय, हे ॲशवर्थ सांगत नाही. त्यासाठी टार्डिऊ मापन. आधी सांधा अगदी सावकाश नेऊन मिळणारा कोन, तो आर२. मग शक्य तितक्या वेगाने नेल्यावर जिथे अडतो तो कोन, आर१. घोट्याचं उदाहरण घेऊ. वेगाने नेला तर पाऊल काटकोनाच्या १५ अंश अलीकडेच अडकतं, सावकाश नेलं तर काटकोनापलीकडे ५ अंश जातं. मधलं अंतर २० अंश. म्हणजे इथे बोटुलिनम टॉक्सिनला, स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनला, काम आहे. तेच दोन्ही कोन एकमेकांना चिकटलेले निघाले, तर इंजेक्शनने फारसं काही हाती लागणार नाही. तिथे प्लास्टर, ताण देणं किंवा शस्त्रक्रियेचा विचार.

चांगल्या कोर्समध्ये हे गोनिओमीटर (सांध्याचा कोनमापक) हातात घेऊन करून घेतात: तीच स्थिती, शक्यतो दिवसाची तीच वेळ, आणि वेगाची चाचणी पुन्हा पुन्हा नाही, कारण हलवत राहिलं की स्नायू सैल पडतो आणि आकडा बदलतो. कोर्समध्ये गोनिओमीटर किती आणि विद्यार्थी किती, हा प्रश्न हास्यास्पद वाटतो. तरी विचारावा. ३० जणांत ३ असतील तर कोन डोळ्यांनीच मोजले जातात.

पक्षाघातानंतरची हालचाल मोजणारं फ्युगल-मायरचं मापन १९७५ चं, स्वीडनमधल्या गोथेनबर्गचं. हाताच्या हालचालीचे ६६ गुण, पायाचे ३४. ते शिकवायची एकच पद्धत काम करते. दोघांनी एकाच पेशंटचे गुण एकमेकांना न दाखवता द्यायचे आणि मग ओळीओळीने भांडायचं: इथे १ का, २ का नाही? बेरीज जुळली म्हणून खूश होण्यात अर्थ नसतो. ६६ पैकी ४० दोघांचेही आले, पण एकाचे खांद्यात जास्त आणि दुसऱ्याचे बोटांत जास्त, असं सर्रास होतं.

चालण्याचा वेग मोजणंही वाटतं तितकं साधं नाही. दहा मीटरची चाचणी म्हणजे घड्याळ सुरू होण्याआधी आणि बंद झाल्यानंतर चालायला थोडी जागा हवी, नाहीतर सुरुवातीची धडपड आणि शेवटचा ब्रेक दोन्ही वेळेत मिसळतात. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली असलेला माणूस साधारण घरापुरता चालतो आणि ०.८ च्या वर गेला की बाहेर मोकळेपणाने वावरतो, ही विभागणी सगळीकडे वापरली जाते. कोर्समध्ये हे आकडे पाठ असतात. पण थेरपी हॉलच्या फरशीवर मोजपट्टीने मारलेल्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत का, ते जाऊन पाहावं.

मात्रा किती, हे कोण शिकवतं?

हा भाग बहुतेक कोर्समध्ये कच्चा असतो आणि आमच्या मते यावर सगळ्यात जास्त तास हवेत. पद्धती खूप शिकवल्या जातात, डोस शिकवला जात नाही. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पक्षाघाताच्या थेरपी सेशन्समध्ये बसून नुसतं मोजलं. हाताची कामाची हालचाल एका सेशनमध्ये सरासरी ३२ वेळा होत होती. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांचे दाखले देऊन आपण मेंदूच्या लवचिकतेवर भाषणं ठोकतो, तिथे हाच आकडा दिवसाला शेकड्यांत असतो. थेरपिस्टला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगेल, ‘भरपूर केलं’.

पण एवढं सांगून थांबणारा शिक्षकही अर्धाच. लँगच्याच गटाने २०१६ मध्ये जुन्या पक्षाघाताच्या पेशंटांवर ३२००, ६४०० आणि ९६०० आवर्तनांची तुलना केली आणि जास्त आवर्तनं म्हणजे जास्त सुधारणा, असा सरळ हिशेब निघाला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र धरून पेशंटच्या खाटेपाशी निर्णय कसा घ्यायचा, हे पदव्युत्तर पातळीवर शिकवायचं. हातात काउंटर देऊन दोन आठवडे प्रत्येक सेशन मोजायला लावणारा कोर्स दिसला तर त्याला एक तारा जास्त द्यावा. साधा क्लिकर पुरतो.

लवकर उठवण्याचंही तसंच. ॲव्हर्ट चाचणीचा निकाल लॅन्सेटमध्ये २०१५ साली आला. त्यात ५ देशांतले २१०४ पेशंट होते. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत, जास्त वेळ आणि जास्त वेळा अंथरुणाबाहेर काढलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगला निकाल मिळण्याची शक्यता कमी निघाली. नंतरच्या विश्लेषणात दिसलं ते असं, की थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवणं बरं. तरीही ‘जितकं लवकर तितकं उत्तम’ ही स्लाइड अजून फिरते आहे. कोर्सचं साहित्य ताजं आहे का ते पाहायचं असेल तर नमुना व्याख्यान मागावं आणि ही एक स्लाइड शोधावी.

पद्धतींचे कोर्स

बोबाथचा कोर्स महाग असतो आणि त्याभोवती एक भक्तिभावही असतो. बर्टा आणि कारेल बोबाथ यांनी लंडनमध्ये उभी केलेली ही पद्धत. तिच्या प्रशिक्षकांची संघटना, इबिटा, १९८४ ची. मोठ्यांसाठीचा मूळ कोर्स साधारण तीन आठवड्यांचा असतो आणि त्यात रोज पेशंट असतात. प्रशिक्षक आपल्यासमोर पेशंट हाताळतो, मग आपण, मग तो आपल्या हातावर हात ठेवतो. हाताळणी शिकायला याच्या तोडीचं फार थोडं आहे. बसलेल्या माणसाचं वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर जाताना बरगड्यांच्या बाजूने काय लागतं, ते पुस्तकातून येत नाही.

आता दुसरी बाजू. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात पक्षाघातानंतरच्या शारीरिक पुनर्वसनाच्या पद्धतींपैकी कुठलीही एक इतरांपेक्षा वरचढ ठरली नाही. त्यामुळे बोबाथच्या कोर्समध्ये ‘बाकी सगळं चुकीचं’ असा सूर लागला, तर पैसे हाताळणीचे समजावेत आणि तत्त्वज्ञान तिथेच ठेवून यावं. ‘हालचालीचा दर्जा बिघडेल’ म्हणून पेशंटला स्वतः धडपडू न देणं हा या कोर्समधून घरी येणारा नेहमीचा रोग आहे. तो आला की आवर्तनं ३२ वरून आणखी खाली.

पीएनएफ स्वस्त पडतं आणि तिरक्या हालचालींचे नमुने लवकर हातात बसतात. टप्प्याटप्प्याने घेता येतं. एवढंच त्याबद्दल.

सीआयएमटीचा कोर्स मात्र नीट पारखून घ्यावा, कारण तो अर्धवट शिकवला जाण्याचं प्रमाण मोठं आहे. लोकांच्या डोक्यात त्याचं चित्र ‘चांगला हात बांधून ठेवणे’ एवढंच असतं. २००६ च्या एक्साइट चाचणीत पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेले २२२ लोक होते, आणि पुरावा ज्या आराखड्याचा आहे तो असा: दोन आठवडे, रोज सहा तासांपर्यंत सराव, जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मिट (हात वापरू न देणारा जाड हातमोजा). निवडीची अट साधारण अशी, की मनगट निदान २० अंश आणि बोटं १० अंश सरळ करता यायला हवीत. ही अट न पाहता निवडलेला पेशंट दोन आठवडे नुसता चिडतो.

या पद्धतीचा जीव मिटमध्ये नाही, ‘ट्रान्सफर पॅकेज’मध्ये आहे. पेशंटशी लेखी करार: मिट केव्हा काढायचं (पाणी, संडास, जिना, गरम भांडं), कोणती कामं दुबळ्या हाताने, कोणती दोन्हींनी. रोज मोटर ॲक्टिव्हिटी लॉग: ठरलेल्या ३० कामांत हात किती आणि कसा वापरला, ० ते ५. घरची डायरी. आणि अडलं तिथे तोडगा: भांडं धरवत नाही तर मूठ जाड करा, कपाट उंच आहे तर डबा खाली घ्या. कोर्समध्ये करारावर अर्धा दिवस आणि मिट शिवण्यावर दहा मिनिटं गेली तर प्रशिक्षक जाणता आहे. उलटं असेल तर पैसे वाचवावेत. ज्याचा तोल डळमळीत आहे त्याचा चांगला हात बांधला की पडताना सावरायला काही उरत नाही. हा मुद्दा पहिल्याच दिवशी यायला हवा.

गिळणं, लघवी आणि तीन मिनिटांची आणीबाणी

फिजिओथेरपीकडे झुकलेल्या अभ्यासक्रमांत हा भाग ‘इतर’ या मथळ्याखाली एका दुपारी उरकतात. चूक आहे. टीममधल्या प्रत्येकाला यातलं थोडं हाताने यायला हवं.

गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी दाट केलेल्या पाण्याचं उदाहरण पाहा. अन्न आणि पेयांच्या दाटपणाची आंतरराष्ट्रीय मापपट्टी असलेल्या आयडीडीएसआयच्या ० ते ७ अशा पातळ्या आहेत. त्यातल्या पेयांसाठी १० मिलीची सिरिंज लागते. प्लंजर काढायचा, टोकावर बोट धरायचं, १० च्या खुणेपर्यंत भरायचं, बोट काढून बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करायचं. आत उरलेलं मोजायचं: १ ते ४ मिली म्हणजे पातळी १, ४ ते ८ म्हणजे २, ८ च्या वर म्हणजे ३. थेंबही खाली आला नाही तर ४, पण ती पातळी काट्या-चमच्याने पडताळून बघायची. बिघडतं कुठे? सगळ्या १० मिली सिरिंज सारख्या नसतात. शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिमी हवं, नाहीतर निकाल खोटा. शिवाय पावडर घालून लगेच मोजलं आणि पेशंटला अर्ध्या तासाने दिलं, तर तोवर काही पावडरी आणखी घट्ट होतात. ज्या तापमानाला द्यायचं त्याच तापमानाला मोजायचं. ही वीस मिनिटांची प्रात्यक्षिकं आहेत आणि न्यूमोनियाशी गाठ असलेली आहेत. खोकला आला नाही म्हणजे घास श्वासनलिकेत गेला नाही, असं नसतं, आणि खाटेपाशी बसून ते नक्की सांगता येत नाही. फीस (नाकातून कॅमेरा घालून गिळणं पाहण्याची तपासणी) किंवा व्हिडिओफ्लुरोस्कोपी (तेच एक्स-रेवर) निदान पाहायला मिळते का, हे विचारून ठेवावं.

ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचं, म्हणजे मज्जारज्जूच्या दुखापतीच्या खाली भरलेल्या मूत्राशयासारख्या त्रासाने अचानक चढणाऱ्या रक्तदाबाचं, तर घड्याळ लावून नाट्य करून घेतलं पाहिजे. टी६ (पाठीच्या भागातली सहावी पातळी) किंवा त्यावरची दुखापत, डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घाम. या लोकांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असू शकतो, म्हणून १४० दिसला आणि ‘ठीक आहे’ म्हटलं की घात झाला. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ झाली तरी सावध व्हायचं. क्रम ठरलेला: आधी बसवा, पाय खाली सोडा. पट्टा, बाइंडर, बूट, मोजे सैल करा. दर काही मिनिटांनी रक्तदाब. मग कॅथेटर: नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का, पाय नळीवर आहे का. कॅथेटर नसेल तर लिडोकेनची (बधिर करणारी) जेली वापरून घालायचा. मूत्राशय मोकळं असेल तरच आतड्याकडे वळायचं, तिथेही आधी जेली आणि थोडं थांबणं, कारण घाईने घातलेलं बोट दाब आणखी चढवतं. वरचा दाब १५० च्या पुढेच राहिला तर डॉक्टर लवकर काम करणारं औषध देतात, आणि नायट्रेट देण्याआधी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली आहे का ते विचारलंच पाहिजे. शिकणारे नेमके कुठे चुकतात? आडवं झोपवतात. चक्कर आलेल्या माणसाला झोपवायची सवय हातात भिनलेली असते.

खांद्याबद्दल दोनच वाक्यं. पक्षाघाताच्या पेशंटला उठवताना दुबळा हात ओढायचा नाही आणि डोक्यावरच्या पुलीला लटकवायचा नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. थेरपी हॉलमध्ये ती पुली अजून भिंतीला आहे का, ते बघून यावं.

टीम, विचारशक्ती आणि मशीन

‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकात असतो. वेळापत्रक उघडलं की फिजिओ एका वर्गात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट दुसऱ्यात, नर्स आणि स्पीच थेरपिस्ट कुठेच नाहीत. आठवड्यातून एकदा तरी खऱ्या पेशंटवर सगळ्यांची एकत्र बैठक आणि तिथे ध्येय लिहिण्याचा सराव, हे नसेल तर तो शब्द सजावटीचा. ‘पेशंटचं चालणं सुधारेल’ हे ध्येय नव्हे. ‘सहा आठवड्यांत पलंगापासून संडासापर्यंत काठी घेऊन, कुणाचा हात न धरता, दिवसातून चार वेळा’ हे ध्येय, कारण ते झालं की नाही हे नर्सही सांगू शकते. गोल अटेनमेंट स्केलिंगमध्ये ते उणे २ ते अधिक २ असं मांडायचं असतं (शून्य म्हणजे अपेक्षित निकाल) आणि सगळे पेशंट शून्यावरच येत असतील तर ध्येयं जाणूनबुजून सोपी लिहिली जात आहेत.

दुर्लक्षाची, म्हणजे मेंदूच्या दुखापतीने एका बाजूकडे लक्षच न जाण्याची (निग्लेक्टची) तपासणी बहुतेक कोर्स कागदावर संपवतात. तारे खोडायच्या कागदावर ५४ लहान तारे मोजायचे असतात, कागद पेशंटच्या बरोबर मधोमध ठेवायचा आणि त्याला सरकवू द्यायचा नाही. इथवर ठीक. पण कागदावर सगळे तारे सापडणारा माणूस बोळातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. त्यासाठी कॅथरीन बर्गेगो स्केलसारखं, रोजच्या दहा वागण्यांकडे पाहणारं मापन शिकवलं जातं का, ते विचारा.

रोबोट आणि आभासी वास्तवाचे फोटो मुखपृष्ठावर असतात. चालायला अजून न लागलेल्या, पक्षाघाताला तीन महिने न झालेल्या पेशंटला चालण्याचा सराव देणाऱ्या यंत्राची फिजिओथेरपीबरोबर मदत होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. शिकणाऱ्याला मात्र यंत्रावर एक-दोन दिवस पुरतात. पट्टा कुठे काचतो, वजन किती टक्के उचललं आहे, उतरल्यावर त्वचा कुठे लाल आहे, एवढं पाहता आलं की झालं. यंत्राच्या नावावर फी वाढवली असेल तर त्याचे आपल्या वाट्याला येणारे तास लेखी घ्यावेत.

प्रबंधाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. निरोगी वर्गमित्रांचा तोल मोजून लिहिलेले प्रबंध कपाटात भरपूर आहेत. मार्गदर्शकाकडे आधीच चालू असलेल्या पेशंटांच्या कामात सामील होता येत असेल तर ते वर्ष सत्कारणी लागतं.

ऑनलाइनचं काय?

सिद्धांतासाठी ऑनलाइन उत्तम, आणि त्यासाठी पैसे मोजायची घाई नको. आंतरराष्ट्रीय मज्जारज्जू संस्थेचं, इस्कॉसचं, ई-लर्न-एससीआय हे मोफत आहे आणि डॉक्टर, नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा प्रत्येकासाठी वेगळे धडे आहेत. गोथेनबर्ग विद्यापीठ फ्युगल-मायरचे तक्ते अनेक भाषांत उपलब्ध करून देतं. हे करून झाल्यावरही एखादं सशुल्क सर्टिफिकेट घ्यावंसं वाटलं, तर एकच अट घालावी: आपण पेशंट तपासतानाचा व्हिडिओ (अर्थात पेशंटच्या लेखी परवानगीने) पाठवायचा आणि कुणीतरी तो पाहून मिनिट-सेकंदासह चुका लिहून पाठवायच्या. शेवटी बहुपर्यायी प्रश्नांवर सुटणारे कोर्स दोनदा प्रयत्न केला की कुणालाही पास करतात.

प्रवेश पक्का करण्याआधी शक्य असेल तर थेरपी हॉलला एक फेरी मारावी. सकाळी नको, सकाळी राउंड असतो आणि सगळे जागेवर असतात. दुपारी तीनच्या सुमाराला जावं आणि अर्धा तास कोपऱ्यात उभं राहावं. किती पेशंट व्हीलचेअरमध्ये नुसते बसून आहेत, किती विद्यार्थी फाइल लिहितायत, आणि विद्यार्थ्याच्या हातावर शिक्षकाचा हात किती वेळा येतो, हे मोजावं. क्लिकर सोबत असेल तर त्यावरच.